चाचांचा रेग्युलेटर

अन्याय झाला तो आमच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, सगळी इमारत ज्यांना चाचा म्हणते त्या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसावर. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. त्या वेळी सोसायटीचे सेक्रेटरी आणि वॉचमन त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि गॅसच्या टाकीवरचा रेग्युलेटर घेऊन गेले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीवर फ्लॅट नंबरची चिठ्ठी चिकटवली, आणि तळमजल्यावरच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, जादाच्या बल्बांच्या खोक्याशेजारी ठेवून कुलूप लावलं. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण मी दारात उभी राहून मोबाईलकडं बघत होते. दुसरीकडं बघायची हिंमत नव्हती.

नाव लिहीत नाही. चाचांनीच नको म्हणून सांगितलंय.

मी एका लहानशा संघटनेचं काम करते. पाणी, गटार, फुटपाथ, घरकाम करणाऱ्या बायकांची ओळखपत्रं, असली कामं. माझ्या वाट्याला पत्रकं लिहायचं येतं. पत्रकाच्या पहिल्या ओळीत कुणावर काय झालं ते यावं, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं ते यावं, मधलं कुणी वाचत नाही, असं मला शिकवलंय. हे मात्र मधलं वाचा. माझा गुन्हा मध्ये आहे.

रंकाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर आमची इमारत. चार मजले, मागं नाला, खाली पार्किंग. मी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते आणि चाचांचं दार माझ्या दारासमोर. त्यांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्यात. तो दर सणाला यायचा आणि जाताना एकच वाक्य म्हणायचा, अब्बा, चला आता. चाचा म्हणायचे, बघू की. ते बघू म्हणजे नाही, हे मुलालाही कळायचं आणि मलाही.

शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी चौतीस गळीत हंगाम बॉयलरवर काढले. भट्टीपुढं. उसाची चिपाडं आत जळत असतात, वर पाण्याची वाफ होत असते, आणि त्या वाफेवर सगळा कारखाना चालतो. बॉयलर सांभाळायची सरकारी परीक्षा असते. ती पास झाल्याचं सर्टिफिकेट त्यांनी फ्रेम करून स्वयंपाकघरातच लावलं होतं, शेगडीच्या बरोबर वर. बायको म्हणायची म्हणे, बैठकीत लावा की, पावणं बघतील. तर हे म्हणायचे, जिथं जाळ तिथं सर्टिफिकेट.

मला सकाळचा चहा तिथंच मिळायचा. माझ्या शेगडीची एक बाजू पिवळी जळते म्हणून त्यांनी मला एकदा चांगलंच झापलं. पिवळा जाळ म्हणजे भुकेला जाळ, त्याला हवा मिळत न्हाय, बर्नर काढ आणि टाचणीनं भोकं साफ कर. केलं. निळा झाला. वाढल्या वयात जाळ बघायला मला त्यांनी शिकवलं. ही गोष्ट ज्यांच्याबद्दल ठरलं की त्यांना जाळ कळत नाही, त्यांची आहे.

बॉयलरवरची एक रीत त्यांनी मला सांगितली होती. पाळी संपली म्हणून कुणी उठून जात नसे. पुढच्या पाळीचा माणूस येणार, काचेतली पाण्याची पातळी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, आणि तोंडानं म्हणणार, "घेतला." तो शब्द कानावर पडल्याशिवाय आधीचा माणूस भट्टीपासून हलणार नाही, मग घरी पोरगं आजारी असो. आणि एकदा 'घेतला' म्हटलं की पुढचं सगळं घेणाऱ्याचं. बिघाड झाला तर आधीच्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवायचं नाही. ज्यानं घेतला त्यानंच पुढं होऊन सांगायचं. चौतीस वर्षांत असं पुढं न येणारा एकही भेटला नाही, असं चाचा म्हणायचे. मी तेव्हा चहात पाव बुडवून खात होते. छान गोष्ट आहे, एखाद्या पत्रकात वापरता येईल, असं मनात आलं होतं. खरंच आलं होतं.

आता नियम. गेल्या उन्हाळ्यात गावात एका दुकानाला आग लागली. कुणी दगावलं नाही, पण त्याचा व्हिडिओ आमच्या इमारतीच्या ग्रुपवर इतक्या वेळा फिरला की लोकांना आपल्याच घरातून धूर येतोय असं वाटायला लागलं. सेक्रेटरींनी सुरक्षा सल्लागार म्हणून एका गृहस्थाला बोलावलं. त्यांनी पार्किंगमध्ये पडद्यावर चित्रं दाखवली आणि जाताना नियमांची यादी देऊन गेले. तेवीस नियम. दारात तेलाची पणती लावायची नाही, बॅटरीची चालेल. जिन्यात रांगोळी नको, पाय घसरतो. पावसाळ्यात लिफ्ट बंद, खड्ड्यात पाणी येतं. गच्चीला कायम कुलूप, कठडा दोन इंचांनी कमी आहे. आग लागली तर वर पळायची जागा म्हणजे गच्ची, आणि तिची किल्ली ऑफिसात. मी हे विचारलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले की त्यासाठी वेगळा नियम करू.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंना वर्षाच्या चटणीच्या मिरच्या वाळवायला गच्ची मिळाली नाही. त्या भर जिन्यात कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कठड्यावरनं काय मिरच्या उडी मारणार हायत व्हय?" सगळे हसले. सेक्रेटरीही हसले. कुलूप तसंच राहिलं.

तेव्हा मलाही ही गंमत वाटत होती. मी चिडायचे, घरी येऊन चाचांना सांगायचे, ते म्हणायचे, भ्यालेल्या माणसाच्या हातात पेन देऊ नये. एवढंच.

आषाढ संपत आला होता. शनिवार, सकाळी नऊच्या पुढंमागं. मी माझ्या उंबऱ्यावर बसून पत्रकाचं प्रूफ तपासत होते. मागच्या नाल्याचं पत्रक होतं. पाऊस वाढला की नाल्याचं पाणी उलटं फिरून पार्किंगमध्ये शिरतं, तर तो साफ करा, अशी मागणी. त्यासोबत अर्ज जोडायचा होता आणि अर्जाला इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. समोर चाचांनी म्हशीचं दूध तापत ठेवलेलं. ते दूध मंद जाळावर पाऊण तास आटवायचे, वर बोटभर साय यावी म्हणून. तेवढ्यात खालून हाक आली. शिरोळचा त्यांचा जुना सोबती गुळाची ढेप घेऊन आला होता, गुडघ्यानं अधू, आणि लिफ्ट नियमानं बंद. त्याला जिना चढवेना.

चाचा दारात आले. "पोरी, दूध ठेवलंय. घे."

"बघतो की. जावा तुम्ही," मी म्हणाले. आमच्याकडं मुलीही असंच बोलतात.

ते हलले नाहीत. "घेतलं म्हण."

मी प्रुफावरून मान वर न करता म्हणाले, "घेतलं."

मग ते गेले. जिन्यावरून उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज मी ऐकला.

दोन मिनिटांत छापखान्यातून फोन आला. मशीन थांबलंय, शेवटच्या ओळीत चूक आहे, लगेच सांगा. आत रेंज नीट येत नाही म्हणून मी माझ्या मागच्या गॅलरीत गेले. ओळ बदलली. मग दुसरी बदलली. मग मथळ्यावरून त्या माणसाशी वाद घातला. दूध माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. त्यानंतर जे ऐकू आलं ते धुराच्या भोंग्याचं केकाटणं. जिन्यात नवीनच बसवलेला होता, नियम क्रमांक नऊ.

सगळी इमारत खाली उतरली. त्या गर्दीतून उलटे चाचा वर आले, तीन मजले, त्र्याहत्तराव्या वर्षी, धापा टाकत. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, भांडं मोरीत ठेवलं. भांडं काळं झालं आणि दूध गेलं. भिंतीला साधा डागही नव्हता. मी दाराशी पोचले तेव्हा माझ्या पुढं पाच-सहा माणसं उभी होती. त्यांच्या खांद्यांवरून चाचांनी माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नाही. काचेतलं पाणी बघतात तसं, किती आहे ते पाहायला.

दुसऱ्या दिवशी रविवारी पार्किंगमध्ये सभा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर वही. माझ्या मांडीवर नाल्याचा अर्ज होता, त्याच सभेत सह्या घ्यायच्या होत्या. आणखी एक गोष्ट होती, ती लपवत नाही. माझा भाडेकरार त्याच महिन्यात संपत होता. एकट्या मुलीला घर द्यायला सोसायटीची नाहरकत लागते. ती मिळवताना आधीच्या वर्षी मला काय काय विचारलं होतं, मित्र येतात का, किती वाजता येता, ते मी विसरले नव्हते.

सेक्रेटरींनी चाचांना विचारलं, गॅस चालू ठेवून खाली गेलात का. चाचा म्हणाले, "गेलतो." घरात कोण होतं, असं विचारलं. चाचांची खुर्ची पुढच्या रांगेत होती. त्यांनी मान वळवली नाही, पण पाठ ताठ झाली. मागून कुणीतरी उठेल याची ते वाट बघत होते. मी अर्जाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"ज्यानं घेतलं हाय," चाचा म्हणाले, "त्यो सांगल."

कुणाला काही कळलं नाही. कुणी काय घेतलं, असं दुसऱ्या मजल्यावरच्या एकानं विचारलं. चोरी झालीय का चाचा, असं आणखी कुणीतरी म्हणालं, आणि खुर्च्यांमधून हसू फिरलं. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी चाचांकडं कळवळ्यानं बघितलं आणि शेजारच्या खजिनदारांच्या कानात काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही, पण खजिनदारांनी स्वतःच्या कपाळाजवळ बोट फिरवलं तेव्हा कळलं. चाचांचं ते वाक्य म्हणजे त्यांचं डोकं ठिकाणावर नसल्याचा पुरावा झाला. त्या पार्किंगमध्ये चाळीसेक माणसं होती. वाक्याचा अर्थ दोघांनाच माहीत होता, आणि त्यातल्या एकीनं तोंड उघडलं नाही.

चोविसावा नियम पंधरा मिनिटांत झाला. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या रहिवाशाच्या घरात गॅस नको. रेग्युलेटर सोसायटीच्या ताब्यात राहील. तो रेग्युलेटर गॅस एजन्सीचा असतो, सोसायटीला त्याला हात लावायचा अधिकार नाही, हे मला पाठ होतं. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मी उठून ओरडले असते. ओरडणं हे माझं कामच आहे. कुणीतरी म्हणालं, अहो, त्यांनी बॉयलर चालवलाय. उत्तर आलं, ते वय वेगळं होतं. वही फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मी सही केली. मग नाल्याचा अर्ज फिरला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. कोल्हापुरात इतक्या झटपट सह्या मला कधीच मिळाल्या नव्हत्या.

सेक्रेटरी वाईट माणूस नाही, हेही लिहायला हवं. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची वहिनी रॉकेलच्या स्टोव्हच्या भडक्यात गेली, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्यांची भीती खोटी नव्हती. पण ती त्यांची होती. तिच्यासाठी दुसऱ्याची शेगडी का विझवायची, याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

नोटीस लावण्यात दिवस गेले आणि तो सोमवार आला. वॉचमन रेग्युलेटर ओढायला लागला. तो निघेना. "आरं, तसं न्हाय," चाचा म्हणाले, "आधी बटण बंद कर, मग उचल." शेवटी त्यांनीच खाली बसून काढला, नळी गुंडाळून ठेवली, आणि टाकीच्या तोंडावर दोरीचं टोपण नीट बसवून दाबलं. सेक्रेटरींच्या हातात रेग्युलेटर देताना त्यांच्याकडं बघत थांबले. सेक्रेटरींना वाटलं पावती हवी आहे. चाचा दुसऱ्याच शब्दाची वाट बघत होते. तो सेक्रेटरींना माहीत असायचं कारण नव्हतं.

पुण्याहून मुलानं विजेची इंडक्शन शेगडी पाठवली. चाचांची सगळी भांडी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, बायकोनं जमवलेली. त्या शेगडीवर जर्मनचं भांडं तापतच नाही, ती नुसती टीं टीं करते. मुलगा म्हणाला, नवीन भांडी पाठवतो. चाचा म्हणाले, नको. हट्टीपणा म्हणा. मी म्हणणार नाही. मी त्यांना माझ्याकडून चहा नेऊन देत होते. पहिले दोन दिवस त्यांनी घेतला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, रोज नगं आणूस. मी पावना न्हाय, माझं घर हाय हे.

मग थर्मास घेऊन ते कोपऱ्यावरच्या टपरीवर जायला लागले. दिवसातून तीन वेळा, तीन मजले खाली, तीन मजले वर. लिफ्ट बंदच होती. श्रावण सरायच्या आत, एका गुरुवारी दुपारी, ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर घसरले. पावसानं पायऱ्या ओल्या होत्या. रांगोळी नव्हती. मी आवाज ऐकून धावले तर ते भिंतीला टेकून बसले होते, पाय वाकडा, थर्मासची आतली काच फुटलेली, चहा चार पायऱ्या खाली ओघळलेला. चपला मात्र त्यांनी बाजूला सरकवून ठेवल्या होत्या, कुणाचा पाय अडकू नये म्हणून.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले, मुलगा औषध आणायला बाहेर गेल्यावर खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, चाचा, त्या सभेत मी सांगायला पाहिजे होतं.

ते छताकडं बघत होते. "मला कशाला सांगालीस? मला म्हाईत हाय की." मग म्हणाले, "ज्यांनी लिवून घेतलं, त्यास्नी सांग."

सांगितलं. पुढच्या सभेत उभी राहिले आणि सगळं सांगितलं, दूध मी घेतलं होतं, मी विसरले, चाचांची चूक नव्हती, ते वाक्य भ्रमातलं नव्हतं. माझी नाहरकत तोवर मिळाली होती हेही सांगितलं, कारण ते न सांगता सांगणं म्हणजे पुन्हा खोटं. मिरच्यांच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, "बया, तवा काय दातखीळ बसलीती व्हय तुझी?" बरोबरच होतं.

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "ताई, तुम्ही प्रांजळपणे सांगितलंत, चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण आता त्यांची अवस्था बघा. या अवस्थेत ते गॅस हाताळू शकले असते का? म्हणजे नियम योग्यच होता."

मी त्यांना समजावलं की नियमामुळं ते खाली जात होते, खाली जात होते म्हणून पडले. ते मान हलवत राहिले. नियमानं माणूस मोडला आणि मोडलेला माणूस नियमाचा दाखला झाला. माझ्या कबुलीचा एक परिणाम मात्र झाला, त्याच सभेत. पंचविसावा नियम. गॅस चालू असताना घर शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडू नये. तो आता नोटीसबोर्डावर आहे, लॅमिनेट करून.

चाचा पुण्यात मुलाकडं आहेत, अकराव्या मजल्यावर. वॉकर धरून चालतात. सून चांगली आहे, सगळं हातात देते. ते मला दर रविवारी फोन करतात आणि दुसरं काही विचारायच्या आधी विचारतात, "मिळाला का?" मी म्हणते, अजून नाही, रेग्युलेटर कपाटातच आहे. त्यांना परत यायचंय. मुलगा म्हणतो, घरात चूलच नाही तर एकटे कसे राहणार, आणि त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. चोविसावा नियम रद्द करायला आमच्या सोसायटीत दोनतृतीयांश सह्या लागतात. मी दारोदार फिरते आहे. लोक आत बोलावतात, पाणी देतात, चाचा कसे आहेत विचारतात, डोळ्यांत पाणीही आणतात. सहीचं नाव काढलं की म्हणतात, उद्या काही झालं तर? अजून सात सह्या कमी आहेत. त्यांचं दार माझ्यासमोर बंद आहे. कुलपावर धूळ बसते ती मी पुसते, त्यानं काहीही होत नाही.

हे वाचणाऱ्या तुमच्याकडं माझी सहानुभूतीची मागणी नाही. तुमच्याही इमारतीत अशी यादी आहे. आज ऑफिस उघडायला लावा आणि ती वही मागून घ्या. सुरक्षेच्या नावाखाली कुणाच्या चुलीवर, दारावर, गच्चीवर तुम्ही सही केलीय ते शोधा. मग त्या माणसाच्या घरी जा, त्याच्यासमोर बसा आणि तो नियम त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. वाचून दाखवता आला नाही, तर खाली या आणि स्वतःच्या हातानं तुमची सही खोडा.